ब्रदरांचं पान

कलकत्त्यातलं खिदिरपूरचं कब्रस्तान मेणबत्त्यांच्या धुरात तरंगत होतं. ख्रिस्ती लोकांचा तो पितरांचा दिवस होता. यंदाच वारलेल्या ब्रदर मार्सेलना ना बायको, ना मूल. पान ठेवणार कोण? त्रेचाळीसच्या बंगालच्या दुष्काळात त्यांच्याबरोबर खिचडी वाढणाऱ्या मंदाकिनीबाईंनी थडग्यापाशी केळीचं पान मांडून भात वाढला. कावळा येऊन क्रुसावर बसला, पण शिवेना. "कसली इच्छा राहिली असेल हो, फादर?" म्हातारे फादर म्हणाले, "दीदी, सगळ्यांच्या आधी तो कधी जेवलाय?" धुरात बाईंना ती जुनी रांग दिसली, आणि शेवटी रिकामी थाळी घेऊन उभे असलेले ब्रदर. बाईंनी भाताचा डबा उचलला, फाटकाशी बसलेल्या भिकाऱ्यांना वाढलं, थोडा भात फादरांच्या ओंजळीत घातला. उरलेला घास स्वतः खाल्ला. मागे पंख फडफडले, पानावर चोच वाजली. वळून न पाहता बाई पुटपुटल्या, "सावकाश होऊ द्या."