निळा ड्रम

"तात्या, झुकिनीची टोकं कुजायला लागलीत," शेजारचा सुदाम पॉलिहाऊसच्या दारातूनच ओरडला. "कॅल्शियम सोडत नाही काय?"

तात्यांनी हातातलं काळवंडलेलं फळ खाली टाकलं. कॅल्शियम निळ्या ड्रममध्ये होतं, बाकीची खतं काळ्यात. दोन्ही एकत्र झाली की पाणी दुधासारखं फाटतं आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात, म्हणून नवराबायकोनं ड्रम वाटून घेतले होते. काळा त्यांचा, निळा तिचा. "माझ्या ड्रमला हात लावायचा नाही हं," ती दम द्यायची.

ती जाऊन महिना झाला होता. काळा ड्रम तात्या नेमानं भरत होते. निळ्याकडे फिरकले नव्हते.

"अहो, निळा तर अर्धा भरलेलाच आहे! सोडा की."

"ते तिनं कालवलंय," तात्या म्हणाले.

सुदाम आल्या पावली परत गेला.

तात्यांनी निळ्या ड्रमची तोटी ठिबकला सोडली. ड्रम पार रिकामा होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कॅल्शियमची नवी गोणी फोडली, तिची कालवायची काठी उचलली आणि तशीच हातात धरून विचारलं, "हात लावू का गं?"