गोलामागचा आवाज

“दोन मॅच राहिल्यात आन् गोलात उभं राहायला माणूस न्हाई,” गेनबाअण्णा म्हणाले आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात नीरा क्लबची माणसं बसली होती. खेळणारी नव्हेत, बघणारी. दर रविवारी बंडूच्या टेम्पोत बसून ती संघामागे जायची. वाटेत वडापाव, मागे हलगी, येताना सगळ्यांचे घसे बसलेले. यंदा मात्र जिल्हा फुटबॉल लीगमध्ये नीरा क्लब तळाला गेला होता. तिथंच राहिला तर पुढच्या वर्षी खालच्या गटात.

“एक जिंकली आन् एक बरोबरीत सुटली तरी वाचतोय आपण,” सायकलच्या दुकानाचा फिरोज म्हणाला.

“वाचतोय. पन इंद्रजित असला तर,” अण्णा म्हणाले.

इंद्रजित म्हणजे क्लबचा गोलकीपर.

गेल्या रविवारी पुण्यात, मॅच संपत आलेली असताना, एक साधा सरपटत आलेला चेंडू इंद्रजितच्या हाताखालून आत गेला होता. हीच मंडळी गोलामागे उभी होती. त्यांच्यातून कोणीतरी ओरडलं, “विकला गेला रे इंद्रजित!” मग ते सगळ्यांनीच उचलून धरलं. इंद्रजितची आई मंगलबाई त्या दिवशी पहिल्यांदाच मुलाचा खेळ बघायला आली होती. शिट्टी झाल्यावर इंद्रजितने हातमोजे गोलातच टाकले आणि आईला घेऊन तो चालता झाला.

पहिला आवाज फिरोजचा होता. गलक्यात ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“फिरोज, तू जा मार्गासनीला, त्याच्या घरी,” अण्णा म्हणाले. “कॉलेजला हितं असताना तुझ्याच दुकानात पडीक असायचा त्यो. तुझं ऐकंल.”

फिरोजला नाही म्हणता आलं नाही.

मोटारसायकलवर त्याने वाटभर वाक्य जुळवलं. मीच ओरडलो, चुकलो, एवढंच सांगायचं आणि त्याच्या आईचे पाय धरायचे. मार्गासनीला पोचला तेव्हा मंगलबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी उठून पाणी दिलं.

“तुमी तरी आलात,” त्या म्हणाल्या. “बाकी कुनाला वाटलं न्हाई यावंसं.”

फिरोजला मान वर करवेना. तेवढ्यात इंद्रजित गोठ्याकडून आला आणि समोर उकिडवा बसला.

“समजूत काढू नका, भाई. कोण वरडलं ते मला ठावं हाय.”

फिरोजच्या हातातला तांब्या ओठांपाशीच थांबला.

“बंडू,” इंद्रजित म्हणाला. “त्याचा आवाज मी कुठंबी वळखीन.”

“त्याच्याच टेम्पोतनं गेलो आमी,” मंगलबाई म्हणाल्या. “जाताना मला पुढं बसवलं त्यानं. आन् त्यानंच असं बोलावं?”

आता सांगायला हवं होतं. फिरोजने तोंड उघडलं आणि नुसतं पाणी पिऊन टाकलं.

“त्यो गोलामागं दिसणार नसंल तर खेळतो,” इंद्रजित म्हणाला.

भोरला परतल्यावर फिरोजने निरोप जसाच्या तसा सांगितला. अण्णांनी बंडूला बोलावून घेतलं. भोंगवलीचा हा साधा गडी, मॅचच्या दिवशी पहाटेच टेम्पो धुऊन झेंडा बांधणारा. तो हसतच आला.

“आजपासनं तू ग्राउंडात पाय ठेवायचा न्हाई,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, मी हलगी वाजवत हुतो. तोंडातनं शबूद काढला न्हाई म्या.”

कोणी ऐकून घेतलं नाही. बंडूने एकेकाकडे पाहिलं. नजर आपल्यापाशी यायच्या आत फिरोज हात धुवायला उठून गेला.

इंद्रजित गोलात परतला आणि पुढची मॅच बरोबरीत सुटली. शेवटची भोरलाच होती. कंपाउंडच्या भिंतीवर पोरं, झाडांवर पोरं, भाटघरपासून माणसं आलेली. बंडू बाहेर रस्त्यावर टेम्पोच्या टपावर उभा राहून बघत होता. अण्णा दर चेंडूला देवाचं नाव घेत होते. फिरोज गोलामागे होता, पण त्याच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता.

इंद्रजित मात्र असा कधीच खेळला नव्हता. कोपऱ्यात जाणारे चेंडू त्याने अंग झोकून काढले. नीराने एक गोल केला. शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली, तीही त्याने उजवीकडे झेप घेऊन अडवली. शिट्टी झाली. क्लब वाचला.

गुलाल उधळला. मंगलबाईंनी घरून आणलेले लाडू काढले. त्या गर्दीतून बंडू वाट काढत आला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

“इंद्रजित, मी तसं बोललो न्हाई,” तो म्हणाला. “पन समदे म्हणत्यात, तर गलबल्यात गेलंबी असंल तोंडातनं. तुझ्या आईच्या मनाला लागलं. माफ कर.”

आणि तो मंगलबाईंच्या पाया पडला. त्यांनी क्षणभर थांबून त्याच्या हातावर लाडू ठेवला. इंद्रजित खाली बसून बुटांचे बंद सोडत राहिला. त्याने वर पाहिलं नाही.

बंडू लाडू न खाताच टेम्पोकडे गेला. फिरोजला ती पाठमोरी चाल बघवेना. तो इंद्रजितजवळ जाऊन बसला. 

“इंद्रजित, मला तुला येक सांगायचंय.”

“नका सांगू, भाई,” इंद्रजित बुटाकडेच बघत म्हणाला. “आवाज तुमचा हुता. मला तवाच कळलं हुतं.”

“मग बंडूचं नाव का घेतलंस?” फिरोजने विचारलं.

इंद्रजितने आई कुठे आहे ते पाहिलं. ती लांब बायकांमध्ये लाडू वाटत होती.

“तुमी गप राहावं म्हणून,” तो हळूच म्हणाला. “तुमाला खरं कळलंय वाटलं; आळ दुसऱ्यावर गेला की तुमी तोंड उघडणार न्हाई. त्यो चेंडू म्या पैसं घिऊन सोडला हुता.”