सर्पवर्षाचं शुभेच्छापत्र

कंपनीच्या पेटंट विभागातल्या नाकागोमेबाईंनी नववर्षाचं शुभेच्छापत्र संशोधक हिवातारींसमोर ठेवलं. त्यांनीच पाठवलेलं, एक तारखेला बाईंच्या घरी पोचलेलं. जपानी बारा प्राण्यांच्या चक्रात यंदा सापाचं वर्ष. लोक सापाचं चित्र छापतात. या गृहस्थांनी आपल्या नव्या सूक्ष्मदर्शकातून टिपलेली, वेटोळं घातलेली जिवंत पेशी छापली होती. रंग न घालता इतकी साफ पेशी अजून कुणी दाखवली नव्हती.

"सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "पण पेटंटचा अर्ज चौदा तारखेला जायचाय. किती जणांना पाठवलीत?"

"बासष्ट."

"नुसत्या चित्रानं बिघडत नाही. ते कसं काढलं, हे कुणाला लिहिलंत का?"

हिवातारी कानकोंडे झाले. मामा-मावश्या, न्हावी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना नुसती सही. एका पत्रावर मात्र हात थांबला नव्हता. कॉलेजातला जोडीदार तागामी. 'दोन बाजूंनी तिरपा उजेड टाकला, एक चित्र दुसऱ्यातून वजा केलं. जमलं रे!' हे सांगावं असं दुसरं माणूसच नव्हतं जगात.

"कुठे असतात हे तागामी-सान?"

हिवातारींनी प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव घेतलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, अकरा माणसांची सहा वर्षं! गुपित फुटल्यावरही अर्ज करायला आपल्याकडे वर्षभराची सवलत तरी आहे, युरोपात एका दिवसाची नाही. बाहेरच्या जाणकारानं आधी वाचलं की हक्क गेला. लावा फोन. वाचलं नसेल तर तसं लिहून घेऊ."

"पत्र?" पलीकडे तागामी हसला. "अरे शहाण्या, आमची आई ऑक्टोबरात गेली. यंदा शुभेच्छा नकोत, असं तुला कळवलंही होतं."

कळवलं असणार. प्रयोगशाळेच्या नादात राहून गेलं असणार. हिवातारींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो रे. चार वर्षं जेवलोय त्यांच्या हातचं."

"असू दे. दुखवट्याच्या घरात असली पत्रं कोण वाचतंय? गठ्ठ्यात तशीच पडलीयत. म्हणशील ते लिहून देतो."

हिवातारींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान हलवताच बाईंनी लिहायला घेतलं : 'पत्र वाचलेले नाही.'

पण जित्याची खोड! फोन ठेवता ठेवता तागामीला राहवलं नाही.

"आणि ऐक, दोनच बाजूंनी काय टाकतोस? तीन बाजूंनी टाक. कडेची सावली जाईल."

फोन बंद झाला. बाईंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"नक्की वाचलं नाही ना त्यांनी? इथे साक्षीला तुमच्या सहीचा शिक्का लागेल."

हिवातारींनी कागद घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेशीचा गोल काढला. दोन तिरप्या रेघा ओढल्या. मग तिसरी.

"खरंच की," ते म्हणाले. "जाते सावली."