सीटखालचा शिंपला

चार बोल्ट. लाल वायरचं भेंडोळं. शिंपला. गाण्यांचा अॅम्प्लिफायर बसवायला गोलू फिटरने गाडीची सीट काढली, मॅटिंग उचललं, तर खाली वाळलेला गाळ निघाला. त्यातला शिंपला त्याने संजीवच्या तळहातावर ठेवला. “भाऊ, गाडी वैनगंगेच्या पुरात बुडली होती. कोनाची घेतली?” संजीवने शिंपल्यावरचा गाळ अंगठ्याने पुसला. मागच्या आठवड्यात मोठ्या बहिणीकडून गाडी घेताना तो बॉनेट उघडू लागला, तेव्हा ती हसली होती, “घरच्या गाडीले कायले तपासतो रे?” तेवढ्यात तिचाच फोन आला. “वाजून राह्यला का तुहा गाण्याचा डबा?” गाळाचं विचारलं, तर ताई पुन्हा त्याची पायरी चढणार नाही. “बसवून राह्यले, ताई. गाडी मस्त हाये तुही.” त्याने शिंपला खिशात टाकला. पुराच्या दिवशी ताई लेकरांना घेऊन बोटीतून त्याच्याकडे आली, तेव्हा गाडी कुठे आहे, हे कोणीच विचारलं नव्हतं.