एकच आमेन

नर्सनं टाकीतलं पाणी बादलीत उपसलं. आठवड्यात तिसऱ्यांदा! दिवसभर वॉर्डातली घाण काढायची आणि घरी येऊन माशाची. वैताग नुसता. पातेल्यात काढून ठेवलेला गोल्डफिश एका अंगावर कलून कसाबसा पोहत होता.

"आई, मरणार का गं तो?" छकुली रडकुंडीला आली होती.

"मरेल नाहीतर काय! पोट बघ त्याचं. कोण कोंबतंय एवढं?"

"मी फक्त आमेनला टाकते. आजोबांनी सांगितलंय तसं."

आजोबांचा, म्हणजे नर्सच्या सासऱ्यांचा, नियमच होता तो. जेवणाआधी प्रार्थना, आमेन झालं की चिमूटभर खाणं माशाला, मगच आपला घास. त्यालाही देवानंच घडवलंय, त्याच्यासाठीही उपकार मानायचे. नियमात खोट काहीच नव्हती. पण सासऱ्यांची जुनी स्कूटर नवऱ्यानं भंगारात काढल्यावरून बाप-लेकाचं बिनसलं, त्याला महिना झाला. तेव्हापासून सासरे सातला जेवत, नवरा नऊला, छकुली मधेच कधीतरी. तिघांच्या तीन प्रार्थना, तीन आमेन. नर्स बोटं मोजू लागली आणि थबकली. सकाळी ड्यूटीला पळताना उभ्याउभ्या दोन घास खाऊन एक चिमूट तीही टाकत होतीच की!

"अरे देवा! उपकार मानून मानून मारतोय आपण त्याला!"

खाण्याची डबी तिनं दोन दिवस स्वतःच्या पर्समध्ये कोंडून ठेवली. मासा हळूहळू सरळ झाला. तिसऱ्या संध्याकाळी आठ वाजता तिनं टाकी उचलून जेवणाच्या टेबलावर मधोमध आदळली. चार ताटं मांडली. डबी नवऱ्यापुढे ठेवली.

"आजपासून माशाला दिवसाला एकच चिमूट. म्हणजे या घरात आमेनही एकच. बसा."

सासरे बसले. नवरा बसला. एकाची नजर खिडकीकडे, दुसऱ्याची दाराकडे. छकुलीनं हात जोडून डोळे मिटले, एक उघडून पाहिलं, पुन्हा मिटला. कोणी सुरुवात करेना. वरणावर साय धरायला लागली. नर्सचे पाय ठणकत होते आणि डोकंही.

मासा तेवढा सगळे बसलेले पाहून वर आला आणि तोंडाची उघडझाप करू लागला.

"बघा!" नर्स कडाडली. "तोंड उघडायची अक्कल या घरात त्या एकट्याला आहे. आता प्रार्थनाही त्यानंच म्हणायची का?"

छकुली फिसकन हसली. बाकी कोणी हसलं नाही.

नवऱ्यानं डबी उचलली. झाकण काढलं. माशाकडे बघत डबी टाकीच्या कडेनं पलीकडे, वडिलांच्या ताटापर्यंत सरकवली.

"म्हणा, बाबा," तो म्हणाला. "भूक लागलीय त्याला."