पुन्हा या

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातलं बाकडं भरलेलं पाहून बोधनकर साहेबांना हायसं वाटलं. नव्या सुधारणांचा कितपत उपयोग झाला, हे तपासायला ते मुद्दाम न कळवता आले होते. एकदा आलेला रोगी सरकारी दवाखान्याकडे परत फिरकत नाही, ही जुनी तक्रार. त्यावर त्यांनीच उपाय काढला होता: निघणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून 'पुन्हा या' म्हणायचं.

"दवाखान्यात असं कुणी म्हणतं का, साहेब? अभद्र वाटतं," गावित सिस्टर तेव्हा बैठकीत पुटपुटल्या होत्या. साहेबांनी त्यांना गप्प बसवलं होतं.

"बघा, आले की नाही लोक परत?" साहेब आता हसून म्हणाले.

"आले," सिस्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

बाकड्यावर कुणी बोलत नव्हतं की खोकत नव्हतं. सगळ्यांच्या नाकात कापसाचे बोळे होते. साहेबांची नजर खाली गेली. प्रत्येकाच्या पायांचे अंगठे एकमेकांना सुताने बांधलेले होते.

"प्रत्येकाला म्हणायचं, असा तुमचा हुकूम होता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "चालत गेले त्यांनाही म्हटलं, उचलून नेले त्यांनाही म्हटलं. चालत गेलेल्यांपैकी कुणी फिरकलंच नाही."

साहेब जीपकडे धावले. दार ओढून घेताना त्यांनी मागे पाहिलं. तपासणीत खोट निघू नये म्हणून सिस्टर लगबगीने येत होत्या, हात जोडून. साहेबांनी दोन्ही कान गच्च दाबून धरले.

काचेपलीकडे सिस्टरांचे ओठ हललेच.