यंदा मी आधी

“यंदा मी आधी,” दादा म्हणाला, आणि धाकटीनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

खरं तर पाळी तिची होती. लहानापासून मोठ्यापर्यंत जायचं, हा क्रम ठरलेला. दादाच्या मुलीचं नुकतंच सांगून झालं होतं. फोन कुणाच्या धक्क्यानं फुटला नव्हता, तिच्याच हातून बादलीत पडला होता. सगळे पोट धरून हसले होते. तिच्यानंतर तिची आत्या, म्हणजे धाकटी. पण दादा गाडी शिकवणारा माणूस. कुणाला कधी थांबवायचं आणि आपण कधी पुढे घुसायचं, हे त्याला बरोबर कळायचं.

नाताळची दुपार होती. उष्टी ताटं वहिनीनं उचलली होती. टेबलाच्या मधोमध केक होता, अजून न कापलेला. त्या घरात केक असा सुखासुखी मिळत नसे. आधी प्रत्येकानं वर्षभरात लपवलेली एक गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी टेबलावर थाप मारून एका सुरात म्हणायचं, “सोडलं!” सोडलं म्हणजे सोडलं. त्यावर प्रश्न नाही, टोमणा नाही, पुन्हा जन्मात विषय नाही. आईनंच सुरू केलं होतं हे, फुटलेल्या बरण्या आणि चोरून खाल्लेली बिस्किटं पोरांच्या तोंडून काढायला. पोरं मोठी झाली तरी पद्धत चालू राहिली. शेजारीपाजारी कौतुक करायचे, काय गुणाचं घर आहे म्हणायचे.

एप्रिलमध्ये आई गेली. हा तिच्याशिवायचा पहिलाच नाताळ.

धाकटी सहा तासांवरच्या गावात चष्म्याच्या दुकानात नंबराच्या काचा घासायची. एप्रिलच्या पहिल्या रविवारचं घरी यायचं तिकीट तिनं काढलं होतं. मालकाला कुठं लग्नाला जायचं होतं, म्हणून तिनं ते पुढच्या रविवारचं करून घेतलं. मधल्या शुक्रवारी आई गेली. तिकिटाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. आठ महिने ती गोष्ट तिच्या जिवाला खात होती. घास तोंडाशी नेला की आठवायची. बाबा फोनवर समजावायचे, “अचानक झालं गं सगळं. तुला कळवायला तरी कुठे वेळ मिळाला?” ते ऐकून तिला जास्तच रडू यायचं. आज ती त्यासाठीच आली होती. तिकिटाचं सांगून टाकायचं, आणि आईच्या टेबलावर तो एक शब्द ऐकायचा. मग निदान झोप तरी लागेल.

दादानं घसा साफ केला.

“दवाखान्यात आई बुधवारपासून हिला बोलवत होती,” तो म्हणाला. धाकटीकडे त्यानं पाहिलं नाही, केककडे पाहिलं. “सारखी विचारायची, निघाली का, कुठवर आली. मी म्हणायचो, निघालीय, येईलच एवढ्यात. मी फोन केलाच नव्हता. ही आली की डॉक्टरांशी वाद घालणार, आईला दुसरीकडे हलवा म्हणणार. मला ती कटकट नको होती. बस, एवढंच.”

थाप पडली. “सोडलं!”

धाकटीचीही थाप पडली. आता हिला काय म्हणावं! तीस वर्षांची सवय. कान ऐकतात, हात आपटतो, तोंड बोलतं, आणि डोकं मागून धापा टाकत येतं. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. तो विरायच्या आत तिला कळलं, आपण काय ऐकलं ते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस आई दाराकडे बघत होती.

“थांबा,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून चुकून गेलं. मी परत घेते.”

“असं कसं?” दादा म्हणाला. “एकदा म्हटलं की म्हटलं.”

“तू तिला सांगत होतास, मी निघालेय म्हणून? शेवटपर्यंत? तिला वाटलं असेल रे, पोरगी येतेय येतेय म्हणते आणि येत नाही.”

“प्रश्न विचारायचे नाहीत.” दादानं हात वर केला. त्याचा चेहरा हलका झाला होता. ती घरी आल्यापासून पहिल्यांदाच तो खुर्चीला टेकून बसला.

“आत्या, परत घेता येतं का?” मुलीनं विचारलं.

वहिनीनं सुरी उचलली आणि मोठा तुकडा कुणाला हवा ते विचारलं. धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. या घरात कुणालाच काही झालं नव्हतं. कुणी दचकलं नव्हतं, कुणी दादाला ‘अरे, काय केलंस हे’ म्हटलं नव्हतं. तिकिटाचं तर ती विसरूनच गेली. ती बाबांकडे वळली. लहानपणापासून घरात तिची बाजू घेणारे तेच एक होते.

“बाबा, ऐकलंत ना तुम्ही? ऐकलंत ना याचं? बोला ना काहीतरी त्याला!”

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो तिनंच घडवून पाठवला होता. मग तो पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“अगं, आम्ही तिघा मोठ्यांनी मिळूनच ठरवलं होतं, आज टेबलावर सांगायचं म्हणून,” ते अगदी मायेनं म्हणाले. “एरवी सांगितलं असतं, तर तू कधी सोडलं असतंस का?”